बारीक दोरीचा नियम : चार्ल्स फ्रेडरिक होल्डर

गालील समुद्राच्या कांठचे पेत्र व अंद्रिया हे मासे धरून आपला चरितार्थ चालवीत, व आमच्या कोकणपट्टींतील कोळी बांधवही तेंच करितात. परंतु पोटासाठीं नव्हे, तर केवळ खेळ म्हणून गळ टाकणारे लोकही जगांत पुष्कळ आहेत. समुद्रांतील प्रचंड माशांच्या या खेळाला नियम घालून देण्यांत ज्यांनीं पुढाकार घेतला, त्या चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

होल्डरसाहेबांचा जन्म अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत लिन या गांवीं 1851 सालीं झाला. त्यांचें घराणें क्वेकर पंथाचें होतें. क्रिस्तोफर होल्डर या त्यांच्या पूर्वजाचा, केवळ आपलें मत सोडीना म्हणून, 1658 सालीं बोस्टन शहरीं कान कापण्यांत आला होता. चार्ल्स यांचे वडील निसर्गशास्त्रज्ञ व सैन्यांतील डॉक्टर होते. फ्लोरिडाच्या दक्षिणेस ड्राय टॉर्टुगास नांवाचीं प्रवाळाचीं बेटें आहेत. तेथील किल्ल्यावर त्यांची नेमणूक झाल्यामुळें या मुलाच्या बालपणाचीं कांहीं वर्षें त्या उष्ण समुद्राच्या सान्निध्यांत गेलीं. किनाऱ्यालगतचें उथळ पाणी व त्यापलीकडील निळा, खोल समुद्र या दोहोंचा परिचय त्यांना असा लहानपणींच घडला.

पुढें 1871 पासून न्यूयॉर्क येथील निसर्गेतिहासाच्या प्रसिद्ध पदार्थसंग्रहालयांत त्यांनीं कांहीं वर्षें काम केलें. त्यानंतर प्रकृतीच्या कारणास्तव ते कॅलिफोर्नियांतील पॅसाडीना येथें राहण्यास गेले. डार्विन व अगासी या शास्त्रज्ञांचीं चरित्रें त्यांनीं लिहिलीं, तसेंच मुलांना समजेल अशा भाषेंत प्राणिशास्त्रावर अनेक पुस्तकें रचिलीं.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर सांता कॅटलिना नांवाचें बेट आहे. त्यावरील अ‍ॅव्हलॉन या गांवीं होल्डरसाहेब 1886 च्या सुमारास गेले असतां त्यांना एक विलक्षण देखावा दिसला. लोक कांठावर उभे राहून जाड दोरांनीं यलोटेल नांवाचे मोठाले मासे भराभर ओढून काढीत होते. माशाला धडपडण्यासही अवसर मिळत नसे. धरलेले मासे खाण्याच्या कामीं येते तर गोष्ट निराळी. परंतु त्यांतील पुष्कळसे फेंकूनच दिले जात. हा नाश पाहून होल्डरसाहेबांस वाईट वाटलें. मात्र त्यांनीं कोणाशीं भांडण मांडलें नाहीं. त्यांनीं स्वतः काठी व बारीक दोरी घेऊन मासे धरण्यास आरंभ केला.

1898 सालीं त्यांच्या पुढाकारानें अ‍ॅव्हलॉन येथें ट्यूना क्लब स्थापन झाला. आमच्याकडे ज्याला कुपा म्हणतात, त्याच कुळांतील हा ट्यूना होय. पांखरूमाशांच्या थव्यामागें लागून तो बाणासारखा सुटतो. क्लबाचा नियम असा कीं, 24 धाग्यांच्या लिननच्या दोरीहून जाड दोरी वापरूं नये. मासा दुसऱ्याच्या मदतीवांचून स्वतःच नावेपर्यंत आणावा. काठी मोडल्यास तो मासा हिशेबांत धरूं नये. थोडक्यांत, मनुष्यानें आपलें बळ आपण होऊन कमी करावें व माशाला निसटण्याची संधि द्यावी.

हा नियम होल्डरसाहेबांनीं स्वतःही पाळला. 1898 सालीं त्यांच्या गळाला एक प्रचंड ट्यूना लागला. दोरी बारीक असल्यामुळें त्याला ओढून घेण्याची सोय नव्हती; उलट तोच नावेला ओढीत चालला. पावणेचार तास ही झुंज चालली. अखेरीस मासा हातीं आला, तेव्हां त्याचें वजन 183 पौंड भरलें. पुढल्याच वर्षीं दुसऱ्या एका सभासदानें 251 पौंडांचा ट्यूना धरून हा विक्रम मोडला. परंतु मोडण्यासारखा विक्रम ही होल्डरसाहेबांची खरी कमाई नव्हे. कॅटलिनाच्या भोंवतालच्या समुद्रांत माशांच्या वाढीस संरक्षण मिळावें म्हणून त्यांनीं खटपट केली, व 1913 सालीं त्यासाठीं कायदाही झाला.

1915 च्या आक्टोबर महिन्यांत त्यांनीं पॅसाडीना येथें देह ठेविला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत अ‍ॅव्हलॉन गांवास मोठी आग लागून क्लबाची इमारतही भस्म झाली. परंतु सभासदांनीं ती पुनः उभारिली, व तो क्लब अद्यापि चालू आहे. इमारत जळाली, नियम जळाला नाहीं.

एखादा विचारी विद्यार्थी येथें विचारील, कीं खेळासाठीं मुक्या जीवास त्रास देणें तरी योग्य कां? ही शंका रास्त आहे, व हें चरित्र सांगून आम्ही ती मिटवूं शकत नाहीं. होल्डरसाहेबांनीं खेळ सोडला नाहीं. त्यांनीं खेळांतील हांव सोडली. मात्र एवढें खरें, कीं ज्याला कोणी अडविणारा नव्हता, अशा मनुष्यानें स्वतःच्या हातांस स्वतः मर्यादा घातली. दुबळ्याचा संयम पुष्कळदां नाइलाजाचा असतो. समर्थाचा संयम हा त्याच्या शीलाची साक्ष होय. मैदानावर पंचाची पाठ फिरली असतां, किंवा परीक्षेच्या दालनांत पर्यवेक्षक दूर गेले असतां, आमच्या विद्यार्थ्यांनीं त्या बारीक दोरीचें स्मरण करावें, अशी आमची इच्छा आहे.