एलिझे रक्ल्यू

झाक एलिझे रक्ल्यू (जन्म : सेंत-फ्वा-ला-ग्रांद, फ्रान्स, १५ मार्च १८३०, मृत्यू : तोरहाउट, बेल्जियम, ४ जुलै १९०५) हे फ्रेंच भूगोलतज्ज्ञ, लेखक आणि अराज्यवादी विचारवंत होते. जगातील सर्व प्रदेशांची भूरचना, हवामान, वनस्पती, लोकजीवन आणि नगरे यांचे सलग वर्णन करणारा ‘नूव्हेल झेओग्राफी युनिव्हर्सेल’ म्हणजेच ‘नवा विश्वभूगोल’ हा त्यांचा १९ खंडांचा ग्रंथ १८७६ ते १८९४ या काळात प्रसिद्ध झाला. त्यातील बहुतेक खंड त्यांनी स्वदेशाबाहेर राहून लिहिले. आरंभीच्या खंडांच्या वेळी तर फ्रान्समध्ये पाऊल ठेवण्यासही त्यांना मनाई होती.

जन्म आणि शिक्षण

रक्ल्यू यांचे वडील प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होते. कुटुंब मोठे आणि मिळकत बेताची. आई मुलींची शाळा चालवून संसाराला हातभार लावीत असे. थोरले बंधू एली यांच्याशी एलिझे यांचा विशेष जिव्हाळा होता. ऱ्हाईन नदीकाठच्या नॉयव्हीड येथील मोरेव्हियन पंथाच्या शाळेत लहानपणीच गेल्यामुळे त्यांना जर्मन भाषा अवगत झाली. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. परंतु १८५१ मध्ये बर्लिन विद्यापीठात कार्ल रिटर यांची भूगोलावरील व्याख्याने ऐकल्यानंतर त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. पृथ्वीचा प्रत्येक प्रदेश तेथील मानवी इतिहासासह अभ्यासावा, ही दृष्टी त्यांना रिटर यांच्याकडून मिळाली. रिटर यांचा स्वतःचा महाग्रंथ १९ खंडांनंतरही आफ्रिका आणि आशिया यांच्यापुढे जाऊ शकला नव्हता. शिष्याने तेवढ्याच खंडांत सारे जग आणले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लुई नेपोलियन यांनी फ्रान्सची सत्ता बळकावली. तिला उघड विरोध केल्यामुळे दोघा भावांना देश सोडावा लागला.

अमेरिकेतील वर्षे

लंडन आणि आयर्लंड येथे काही काळ काढून रक्ल्यू १८५३ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना येथे पोहोचले. न्यू ऑर्लिन्सजवळच्या एका मळेवाल्याच्या घरी मुलांचे शिक्षक म्हणून त्यांना काम मिळाले. घरची माणसे त्यांच्याशी सौजन्याने वागत. मात्र ते घर गुलामांच्या श्रमावर उभे होते आणि आपले वेतनही त्याच श्रमातून येते, ही जाणीव त्यांना असह्य झाली. नोकरी सोडून ते आजच्या कोलंबियात गेले. तेथे सिएरा नेव्हादा दे सांता मार्ता या पर्वतप्रदेशात शेतीची वसाहत वसविण्याचा त्यांचा बेत तापाचे आजार आणि पैशाची चणचण यांमुळे फसला. १८५७ मध्ये ते फ्रान्सला परतले. या दोन अनुभवांतून त्यांना लेखनाचे विषय मिळाले. अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्ध त्यांनी फ्रेंच नियतकालिकांतून सविस्तर लेख लिहिले आणि सांता मार्ताच्या प्रवासावर १८६१ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले.

पुढील दशकात त्यांनी हाशेत या प्रकाशनसंस्थेसाठी प्रवासमार्गदर्शिका लिहिल्या. १८६८-६९ मध्ये ‘पृथ्वी’ हा प्राकृतिक भूगोलावरील दोन खंडांचा ग्रंथ आला आणि त्यांचे नाव युरोपभर झाले. १८६९ मधील ‘एका ओढ्याची कथा’ हे छोटे पुस्तक आकाराने मोठ्या ग्रंथांपुढे नगण्य वाटेल. परंतु डोंगरातील झऱ्यापासून समुद्रापर्यंत पाण्याचा प्रवास सांगताना त्याच्या काठची माणसे कशी जगतात हेही त्यात येते. रक्ल्यू यांची पद्धत समजून घेण्यासाठी विद्यार्थ्याने येथूनच सुरुवात करावी.

कम्यून आणि हद्दपारी

१८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा रक्ल्यू नॅशनल गार्डमध्ये दाखल झाले आणि नादार यांच्या बलून पथकातही त्यांनी काम केले. नंतर स्थापन झालेल्या पॅरिस कम्यूनच्या बाजूने लढताना ४ एप्रिल १८७१ रोजी ते पकडले गेले. अनेक तुरुंगांतून त्यांची रवानगी झाली. तेथेही ते सोबतच्या कैद्यांना शिकवीत. नोव्हेंबरमध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलिडोनिया बेटावर पाठविण्याची शिक्षा सुनावली. त्याविरुद्ध इंग्लंडसह अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी फ्रेंच सरकारकडे अर्ज केला. १८७२ च्या प्रारंभी शिक्षा सौम्य होऊन तिचे रूपांतर दहा वर्षांच्या हद्दपारीत झाले आणि रक्ल्यू स्वित्झर्लंडला गेले. १८७९ मध्ये त्यांना माफी मिळाली. पण इतर सहकारी शिक्षा भोगत असता एकट्याने परतणे त्यांनी नाकारले. फ्रान्समध्ये ते राहावयास आले ते १८९० मध्ये.

‘नवा विश्वभूगोल’

हद्दपारीच्या पहिल्याच वर्षी हाशेत संस्थेने त्यांच्याशी विश्वभूगोलाचा करार केला. राजकीय मतांचा प्रचार ग्रंथात येऊ नये, ही तिची अट होती. रक्ल्यू यांनी ती पाळली; तथापि त्यांची मते विषयाच्या मांडणीतूनच जाणवत राहतात. राज्यांच्या सीमांपेक्षा नदीखोरी, पर्वतरांगा आणि समुद्रकिनारे यांना त्यांनी अधिक महत्त्व दिले. आफ्रिकेचे वर्णन त्यांनी नाईलच्या खोऱ्यापासून सुरू केले आहे. युरोपचा आरंभ फ्रान्सऐवजी भूमध्य समुद्राकाठच्या देशांपासून होतो.

दरवर्षी एक खंड हे काम एकट्याचे नव्हते. जिनिव्हा सरोवराकाठी क्लारां येथे रक्ल्यू राहत असताना त्यांच्याभोवती देशोदेशींचे निर्वासित जमले होते आणि आपापल्या मायभूमीची माहिती ते पुरवीत. प्यॉतर क्रोपोत्किन यांनी स्वतः हिंडून पाहिलेल्या सायबेरियाच्या भागात मदत केली. युक्रेनविषयी मिखाइलो द्रहोमानोव्ह यांनी साह्य केले, तर टोकियोत अध्यापन केलेले ल्येव मेच्निकोव्ह जपानच्या वर्णनात उपयोगी पडले. नकाशांची बाजू शार्ल पेराँ यांनी सांभाळली.

१८८३ मध्ये प्रसिद्ध झालेला आठवा खंड भारत आणि इंडोचीन यांना वाहिलेला आहे. भारत रक्ल्यू यांनी प्रत्यक्ष पाहिला नव्हता. त्यासाठी ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या अहवालांवर आणि प्रवासवर्णनांवर त्यांना विसंबावे लागले. वसाहतींतील पिळवणुकीवर त्यांनी अनेक ठिकाणी टीका केली असली, तरी अल्जीरियातील फ्रेंच वसाहतकऱ्यांविषयी त्यांची भाषा मवाळ आहे, हा अभ्यासकांचा आक्षेप योग्यच म्हणावा लागेल. त्यांची एक मुलगी आणि जावई तेथे स्थायिक झाले होते.

भूप्रदेश माणसाचे भवितव्य कायमचे ठरवितो, हे मत त्यांना मान्य नव्हते. जो समुद्र एका काळी लोकांना वेगळे ठेवतो, तोच जहाजे सुधारल्यावर त्यांना जोडतो. म्हणून परिसराचा अभ्यास काळासह करावा, असे ते मानीत.

ब्रुसेल्स आणि महागोल

१८९२ मध्ये पॅरिसच्या भूगोल संस्थेने आणि १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. ब्रुसेल्सच्या मुक्त विद्यापीठानेही व्याख्यानांसाठी बोलावले होते. मात्र डिसेंबर १८९३ मध्ये एका अराज्यवाद्याने फ्रेंच संसदेत बॉम्ब टाकल्यानंतर विद्यापीठाने ती व्याख्याने बेमुदत पुढे ढकलली. विद्यार्थी आणि काही प्राध्यापक यांनी निषेध केला आणि त्यातूनच १८९४ मध्ये ‘नवे विद्यापीठ’ स्थापन झाले. रक्ल्यू तेथे अखेरपर्यंत शिकवीत राहिले.

सपाट नकाशा मुलांच्या मनात पृथ्वीची चुकीची प्रतिमा रुजवितो, असा त्यांचा आक्षेप होता. मुलाने आधी आपला परिसर पाहावा आणि मग पृथ्वीगोल हाताळावा, असे त्यांचे म्हणणे होते. याच विचारातून पॅरिसच्या १९०० च्या प्रदर्शनासाठी त्यांनी १:१,००,००० या प्रमाणात पृथ्वीगोल उभारण्याची योजना मांडली. त्याचा व्यास सुमारे १२७ मीटर झाला असता. पर्वतांची उंचीही त्याच प्रमाणात, जराही न वाढविता दाखवावी, यावर ते ठाम होते; त्या हिशेबाने एव्हरेस्ट शिखर जेमतेम नऊ सेंटिमीटर भरते! निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी योजनेला पाठिंबा दिला. परंतु खर्चामुळे ती कागदावरच राहिली.

अखेर आणि प्रभाव

‘माणूस आणि पृथ्वी’ हा सहा खंडांचा अखेरचा ग्रंथ १९०५ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. तो पूर्ण होऊन बाहेर आलेला पाहणे रक्ल्यू यांच्या नशिबी नव्हते. राहिलेले काम पुतणे पॉल यांनी पार पाडले. त्यांच्या इच्छेनुसार अंत्यविधी कोणत्याही समारंभाविना झाला. ब्रुसेल्समधील इक्सेलच्या दफनभूमीत, बंधू एली यांच्याच कबरीत ते विसावले आहेत.

फ्रेंच विद्यापीठांत पुढे व्हिदाल द ला ब्लाश यांच्या शिष्यांचे वर्चस्व निर्माण झाले आणि रक्ल्यू यांचे नाव मागे पडले. फ्रान्सबाहेर मात्र त्यांचा धागा टिकला. महागोलाचे चाहते असलेले स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. प्रदेश, व्यवसाय आणि लोक यांचा एकत्र विचार करण्याची त्यांची पद्धत रक्ल्यू यांच्या विचारांशी जवळची होती. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी गेडिस यांची मुंबईतील व्याख्याने ऐकली होती. फ्रान्समध्ये १९८१ साली ‘एरोदोत’ या नियतकालिकाने रक्ल्यू यांच्यावर विशेषांक काढला आणि १९८४ मध्ये मोंपेलिये येथे स्थापन झालेल्या भूगोल संशोधन गटाच्या नावाची आद्याक्षरे अशी योजली गेली की ती ‘रक्ल्यू’ अशी वाचता यावीत. त्या गटाने सिद्ध केलेला नवा विश्वभूगोल दहा खंडांचा आहे.