राजाच्या मेजाचे कारागीर : झाँ-आंरी रिझनेर



थोरांच्या चरित्रमालेत या वेळी आम्ही एका सुताराची ओळख करून देत आहोत.

झाँ-आंरी रिझनेर यांचा जन्म ४ जुलै १७३४ रोजी आजच्या जर्मनीतील ग्लाडबेक येथे झाला. तरुणपणी ते पॅरिसला आले व ओबेन या नामांकित कारागिराच्या हाताखाली काम शिकले. फ्रान्सचे राजे पंधरावे लुई यांच्यासाठी ओबेन यांनी १७६० मध्ये एक भव्य मेज करावयास घेतले होते. परंतु १७६३ मध्ये त्यांचे निधन झाले. गुरूचे अपुरे काम रिझनेर यांनी १७६९ मध्ये पूर्ण केले.

१७७४ मध्ये ते राजाचे अधिकृत कारागीर झाले. राणी मारी आंत्वानेत यांना त्यांचे काम फार आवडे. ते रंगीत लाकडाचे तुकडे जडवून फुले उमटवीत. वर काशाची सोनेरी नक्षी बसवीत. त्या काळी सोने पाऱ्यात कालवून काशावर लावीत व तापवीत. पारा उडून जाई आणि सोने राही. त्या विषारी वाफेने मुलामा देणाऱ्यांचे आरोग्य बिघडे, हेही लक्षात ठेवावे.

१७८९ मध्ये राज्यक्रांती झाली. १७९३ मध्ये राजवाड्यातील सामानाचा लिलाव सुरू झाला. रिझनेर यांनी आपण घडविलेल्या काही वस्तू परत विकत घेतल्या, पण पुढे त्यांना गिऱ्हाईक मिळेना. १७९४ मध्ये तर फर्निचरवरील राजचिन्हे काढण्याचे काम त्यांच्याकडेच आले. आपल्याच हातांनी केलेली नक्षी त्यांना उतरवावी लागली. ६ जानेवारी १८०६ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

ते मेज आज व्हर्सायच्या राजवाड्यात आहे. अशा वस्तू जपणारे तज्ज्ञ जुना मुलामा घासून नवा चढवीत नाहीत. ते धूळ व मळ हलक्या हाताने काढतात आणि निसटू लागलेला तुकडा जागच्या जागी चिकटवतात. उजेडाने लाकडाचे रंग उडतात, म्हणून प्रकाशही बेताचा ठेवतात. जास्त चमकवण्याच्या नादात मूळ कारागिराचे काम कायमचे पुसले जाते.

मित्रांनो, घरातील जुनी पेटी, देव्हारा किंवा शाळेतील बाक कोणाच्या तरी हातांनी घडले आहे. त्यावर कर्कटकाने नाव कोरण्यापूर्वी त्या हातांची आठवण ठेवावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.