माउंट हॅरिएटवाली हॅरिएट

वीस रुपयांची ती जुनी तांबूस नोट आठवतेय? मागे नारळाची झाडं, समुद्र. तो देखावा अंदमानच्या माउंट हॅरिएट टेकडीच्या परिसरातला. अंदमानला आपण जातो ते सावरकरांच्या कोठडीपुढे नतमस्तक व्हायला. ही हॅरिएट कोण, हे कुणी विचारत नाही. मी मात्र नावाच्या मागेच लागले.

हॅरिएट टायटलरचा जन्म १८२८ चा, अवधमधला. वडील कंपनीच्या फौजेत. १८४८ मध्ये रॉबर्ट टायटलर या विधुर लष्करी अधिकाऱ्याशी तिचं लग्न झालं. ११ मे १८५७ ला दिल्लीत उठाव पेटला, तेव्हा तिला आठवा महिना होता. मुलांना घेऊन ती कशीबशी शहराबाहेर पडली. पुढे इंग्रजांनी दिल्लीला वेढा घातला, तेव्हा ही छावणीतच राहिली आणि २१ जूनला चक्क बैलगाडीत बाळंत झाली! शेक-शेगडी कुठली? पाऊस गळू लागला तशी बाळाला घेऊन शस्त्रं ठेवायच्या रिकाम्या कोठीत गवतावर निजली. मुलाच्या नावात 'डेल्ही फोर्स' असं फौजेचं नावच घातलं.

१८५८ मध्ये नवरा-बायको फेलिचे बीतो आणि डॉ. जॉन मरे यांच्याकडून फोटोग्राफी शिकले. तेव्हा आत्तासारखं बटण दाबलं की झालं, असं नव्हतं. मोठाले कागदी निगेटिव्ह, त्यावर रसायनं, आणि हललेलं माणूस फोटोत उमटायचंच नाही. तरी दोघांनी पाचेकशे फोटो काढले. कुतुबमिनार, लखनौ, कानपूर, आणि हुमायूनची कबर. बहादूरशहा जफर सप्टेंबर १८५७ मध्ये याच कबरीच्या आवारात पकडले गेले. लाल किल्ल्यातले कितीतरी महाल इंग्रजांनी नंतर पाडून टाकले. ती राज्यकर्त्यांच्याच बाजूची, हे मी विसरत नाही. पण त्या काळातली दिल्ली बघायची तर आज तिच्या फोटोंकडे वळावं लागतं.

१८६२ ते ६४ रॉबर्ट अंदमानच्या कैदी वसाहतीचा प्रमुख होता, म्हणून टेकडीला तिचं नाव. १८७२ मध्ये तो गेला. तिने सिमल्यात अनाथ मुलांसाठी आश्रम चालवला. मला ती इथे जास्त जवळची वाटते. पंचाहत्तरीत आठवणी लिहायला बसली. १९०७ मध्ये सिमल्यातच वारली. पुस्तक छापून आलं १९८६ मध्ये!

२०२१ मध्ये टेकडीचं नाव माउंट मणिपूर झालं. १८९१ च्या युद्धानंतर काळ्या पाण्यावर धाडलेल्या मणिपुरी वीरांसाठी. ते योग्यच झालं.