महालाचा दरवाजा बांधणारा हबशी

मुरूड-जंजिऱ्याला होडीने गेलेल्या उरणकरांना तिथल्या महाद्वारावरचे शिल्प आठवत असेल. हत्तींना पंजात धरून उभा असलेला वाघ! हा किल्ला सांभाळणारे सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. त्याच आफ्रिकेतून आलेल्या आणखी एका हबशाने दख्खनच्या पठारावर एक दरवाजा उभारला, तो आजही शाबूत आहे. त्याचे नाव मलिक अंबर.

इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेला चापू नावाचा मुलगा लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. बाजार बदलत, मालक बदलत तो बगदादच्या मीर कासिमकडे आला. तिथे त्याला शिक्षण आणि अंबर हे नाव मिळाले. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही हबशीच होता आणि त्यानेही कधीकाळी गुलामी भोगली होती. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. गुलामाला मोकळे करणे ही इस्लाममध्ये मोठी नेकी मानली जाते. या एका नेकीने दख्खनचा इतिहास बदलला.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. निजामशाही संपली असे वाटत असताना अंबरने दुसरा मूर्तझा निजामशाह याला गादीवर बसवले आणि कारभार हाती घेतला. स्वतः मात्र तो तख्तावर बसला नाही. मराठा सरदारांना सोबत घेऊन, गनिमी काव्याने लढत त्याने मोगलांना अनेक वर्षे थोपवून धरले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले.

१६१० मध्ये त्याने खडकी गावी राजधानी वसवली. आजचे छत्रपती संभाजीनगर ते हेच. मोगलांवरील विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा राहिला. उंच टोकदार कमानींचा हा दरवाजा नौखंडा महालाकडे नेत असे. वरच्या नौबतखान्यात नौबत झडे. महालांचे दरवाजे पाहणाऱ्याला दिपवण्यासाठी बांधले जात. कमान जितकी उंच, तितका आतल्या धन्याचा मान मोठा. ज्याला एके काळी दुसऱ्याच्या दारात विकायला उभे केले होते, त्याने ही कमान बांधली!

पण तो महालापाशी थांबला नाही. डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीतून, केवळ उताराच्या जोरावर, त्याने शहरभर खेळवले. जमिनीची प्रतवारी करून बसवलेली त्याची सारापद्धत पुढे मलिकंबरी धारा म्हणून ओळखली गेली. दरवाजाची शान सरदारांसाठी होती. पाणी आणि धारा रयतेसाठी.

बादशाह जहांगीर रणात त्याला संपवू शकला नाही. त्याने अंबरच्या कापलेल्या शिरावर आपण बाण मारत असल्याचे चित्र मात्र काढून घेतले. प्रत्यक्षात अंबर १६२६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षाच्या आसपास वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. पुढे दहा वर्षांत निजामशाही बुडाली.

आज नौखंडा महालाचे फारसे काही उरलेले नाही. भडकल दरवाजा मात्र उभा आहे आणि त्याच्या आसपास शहराची रोजची वर्दळ सुरू असते. वेरूळची लेणी पाहायला निघाल्यास वाट थोडी वाकडी करून हा दरवाजा जरूर पाहावा. खुलताबाद तर वेरूळच्या वाटेवरच आहे.