शंकर पुरुषोत्तम आघारकर

कोथरूडच्या टेकडीकडे फिरावयास गेलात, तर कुंपणाच्या झुडपांवर पिवळ्या दोऱ्यांचे जाळे पसरलेले कधी कधी दिसते. ती अमरवेल. तिला हिरवी पाने नाहीत, आणि मूळ शोधू गेल्यास तेही सापडत नाही. मग ती जगते कशी? बीजातून निघालेला तिचा कोवळा अंकुर जवळच्या झुडपास विळखा घालतो, त्याच्या खोडात आपली शोषके रुतवून अन्नपाणी ओढू लागतो, आणि मग त्याचे स्वतःचे इवलेसे मूळ सुकून जाते. आधार मिळाला नाही, तर अंकुर थोड्याच दिवसांत मरतो. अमर हे नाव तिला जरा मोठेच झाले!

शेराचे झुडूप असे परावलंबी नाही. त्याची बारीक पाने लवकर गळतात व हिरव्या फांद्याच अन्न तयार करतात. पानांवाटे पाणी उडून जाते. म्हणून कोरड्या रानात पाने थोडी असणेच सोयीचे. अशा रुक्ष प्रदेशातील वनस्पती कशा पसरल्या व मूळच्या कोठल्या, या प्रश्नाचा ध्यास एका मराठी शास्त्रज्ञाने घेतला होता.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ साली मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते शिकले व तेथेच शिकवू लागले. सह्याद्रीत हिंडताना त्यांना गोड्या पाण्यातील एक छत्रीसारखा जलचर आढळला. त्याचे भाईबंद तोवर केवळ आफ्रिकेतच ठाऊक होते! कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकपदी निवड झाल्यावर उच्च अध्ययनासाठी ते जर्मनीस गेले.

तेथे असतानाच १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. भारत तेव्हा इंग्रजांच्या अमलाखाली होता. म्हणून या निरुपद्रवी अभ्यासकालाही शत्रुपक्षाचा मानून स्थानबद्ध करण्यात आले. घर दूर, मायदेशी परतण्याची वाट बंद. दुसरा एखादा खचून गेला असता. आघारकरांनी मात्र अभ्यास सोडला नाही. वायव्य भारतातील रुक्ष व खाऱ्या जमिनींवरील वनस्पतींचा प्रसार कसा होतो, यावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९१९ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली.

पुढे कलकत्त्यास त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. १९४६ साली निवृत्त झाल्यावर, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी विश्रांती घेतली नाही. पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची संशोधनसंस्था उभारण्याचे काम त्यांनी हाती घेतले आणि १९६० साली मृत्यू येईपर्यंत तिची धुरा वाहिली. १९९२ पासून ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. कोथरूडपासून जवळच, गोपाळ गणेश आगरकर यांच्या नावाच्या रस्त्यावर ती आहे. आगरकर रस्त्यावर आघारकर संस्था! नवख्याचा गोंधळ व्हायचाच.

या संस्थेच्या संग्रहात दगडफुलाच्या वर्गातील नमुनेही जतन केलेले आहेत. दगडफुलाला मूळ नाही, पान नाही, फूल तर नाहीच. बुरशी व शेवाळ यांचा तो एकत्र संसार. शेवाळ अन्न करते, बुरशी ओल धरून ठेवते. उन्हाळ्यात ते कोरडे पडते, पाऊस लागताच पुन्हा जिवंत होते. घरातल्या गोड्या मसाल्याच्या सामानात ते असते. आईकडून एक तुकडा मागून घ्या आणि भिंगाखाली पाहा.