किंग कॅम्प जिलेट

विद्यार्थी मित्रांनो, वणीच्या बाजारातील एखाद्या सलूनमध्ये दाढी कशी करतात, हे तुम्ही पाहिले असेल. न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर ब्रशने फेस लावतो. मग नव्या ब्लेडचे मधोमध दोन तुकडे करतो. त्यांतला एक तुकडा तो वस्तऱ्यात बसवतो. उर्दूत आपण ज्याला उस्तरा म्हणतो, तोच हा वस्तरा. काम झाले की ब्लेडचा तो तुकडा टाकून दिला जातो. हे पातळ, स्वस्त पाते आपल्याला कोणामुळे मिळाले, ठाऊक आहे का? चला, त्यांची ओळख करून घेऊ.

किंग कॅम्प जिलेट यांचा जन्म ५ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेत झाला. पुढे त्यांचे कुटुंब शिकागो शहरात राहू लागले. १८७१ मध्ये त्या शहराला मोठी आग लागली. तिच्यात जिलेट कुटुंबाचे सर्वस्व गेले. कोवळ्या वयातच किंग यांना नोकरी धरावी लागली. गावोगाव फिरून ते माल विकू लागले.

त्या काळी वस्तऱ्याचे पाते जाड असे. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या केम्फे बंधूंनी त्वचा कापू नये असा सेफ्टी रेझर काढला होता. पण त्याचेही पाते जाड आणि एकाच बाजूला धार असलेले होते. ते पुन्हा पुन्हा चामड्याच्या पट्ट्यावर घासावे लागे.

१८९५ मधील एका सकाळी जिलेट दाढी करायला बसले. वस्तरा अगदी बोथट झाला होता. तेव्हा त्यांच्या मनात विचार आला, की धार लावण्यासाठी फक्त कड पुरेशी आहे. मग एवढे जाड पोलाद कशाला? पातळ पाते वापरावे आणि बोथट झाले की टाकून द्यावे!

कल्पना सोपी होती. काम मात्र कठीण होते. कागदासारख्या पातळ पोलादाला धार लावता येणार नाही, असे जाणकारांनी सांगितले. जिलेट यांना पोलादाचे ज्ञान नव्हते. जवळचा पैसा प्रयोगांत संपत होता. तरीही सुमारे सहा वर्षे ते झटत राहिले. अखेर विल्यम निकरसन नावाच्या तंत्रज्ञाने त्यांना साथ दिली आणि अशी पाती तयार करण्याची यंत्रे बनवली. १९०१ मध्ये कंपनी स्थापन झाली.

१९०३ मध्ये केवळ ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. दुसरा कोणी असता तर निराश झाला असता. पण पुढच्याच वर्षी ९० हजारांहून अधिक रेझर खपले! पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैनिकांनाही हे रेझर देण्यात आले. पात्याच्या वेष्टनावरील चित्रामुळे जिलेट यांचा चेहरा देशोदेशी पोहोचला.

१९२९ नंतरच्या मंदीत मात्र त्यांची बरीच संपत्ती बुडाली. ९ जुलै १९३२ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, संपत्ती गेली, पण त्यांचे काम उरले. आज प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते वापरता येते, म्हणून एकाच्या रक्तातील रोग दुसऱ्याला होण्याचा धोका टळतो. जिलेट यांनी हार मानली नाही. तसेच, जे स्वतःला येत नव्हते, ते जाणणाऱ्याची मदत घेण्यात कमीपणाही मानला नाही. आणि हो, वापरलेले पाते उघड्यावर टाकू नका. कचरा उचलणाऱ्या हातांचाही विचार करा.