लाकडी तोफांचा सेनापती
सेर्गेई आयझेन्स्टाइन

ऐतिहासिक चित्रपटातली शस्त्रे खोटी असतात, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. तरीही बंदूक रोखली गेली की त्याचा श्वास अडतो. ही किमया ज्याने साधली तो रशियन दिग्दर्शक सेर्गेई आयझेन्स्टाइन १८९८ साली रिगा येथे जन्मला. वडील स्थापत्यविशारद. त्यांच्या मागोमाग मुलगाही पेत्रोग्रादला अभियांत्रिकी शिकू लागला. १९१८ साली तो लाल सेनेत शिरला आणि वडील विरुद्ध पक्षास मिळाले. सैन्यात असतानाच त्याला नाटकाचे वेड लागले. तेथून तो मॉस्कोच्या रंगभूमीवर आणि पुढे चित्रपटात आला.

१९२५ साली त्याने ‘पोटेमकिन’ हा चित्रपट केला. १९०५ साली बंड करणारी ती युद्धनौका तोवर मोडीत निघाली होती. म्हणून सेवास्तोपोलजवळ पडून असलेली ‘बारा प्रेषित’ ही जुनी नौका घेण्यात आली. जुन्या आराखड्यांबरहुकूम फळ्या, वासे आणि प्लायवुड ठोकून तिच्यावर पोटेमकिनचा डोलारा उभारला गेला. मात्र नौकेच्या पोटात खरे सुरुंग साठवलेले होते! धावायचे नाही, विडी ओढायची नाही, अशा सक्तीत बंडाचे चित्रण झाले.

या चित्रपटातला सर्वांत प्रभावी क्षण बंदूक न झाडण्याचा आहे. ताडपत्रीखाली झाकलेल्या खलाशांवर सैनिक नेम धरतात, आज्ञा सुटते, पण हात कचरतात आणि बंदुका खाली येतात. समेची वाट पाहणाऱ्या श्रोत्यास हा ताण नव्याने सांगायला नको. ताडपत्रीचा प्रसंग आयझेन्स्टाइनच्या कल्पनेतला होता. ओदेसाच्या पायऱ्यांवरील हत्याकांडही जसे दाखवले तसे घडले नव्हते. परंतु लोकांच्या स्मरणात तेच इतिहास होऊन बसले. ब्रिटनमध्ये या चित्रपटावर १९५४ पर्यंत बंदी होती.

१९३८ च्या ‘अलेक्झांडर नेव्हस्की’त संगीतकार प्रोकोफिएव्ह त्याचा सोबती झाला. गोठलेल्या सरोवरावरची लढाई भर उन्हाळ्यात, कृत्रिम बर्फावर चित्रित झाली. काही प्रसंगांत आधी स्वररचना झाली आणि तिच्या वजनाने चित्रे जुळवली गेली. पुढच्याच वर्षी जर्मनीशी करार होताच सरकारने हा जर्मनविरोधी चित्रपट मागे घेतला; १९४१ साली जर्मनांनी आक्रमण केल्यावर तो पुन्हा बाहेर काढला.

युद्धकाळात दूर आल्मा-आता येथे त्याने ‘इव्हान द टेरिबल’ आरंभला. पहिल्या भागास स्टालिन पारितोषिक मिळाले. दुसऱ्या भागात झारचा संशयी, एकाकी चेहरा दिसला आणि १९४६ साली त्यावर बंदी आली. तिसरा भाग अपुराच राहिला. ११ फेब्रुवारी १९४८ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराने आयझेन्स्टाइनचे निधन झाले.

ज्या सत्तेसाठी त्याने लाकडी तोफा उभ्या केल्या, तिला अखेर त्याच्या पडद्यावरील एका मुद्रेचे भय वाटले. तो दुसरा भाग लोकांसमोर आला १९५८ साली; तेव्हा त्याला जाऊन दहा वर्षे झाली होती.